कोल्हापुरातली आपली बसायची ठिकाणं

मंगळवारपेठकर

गेल्या महिन्यात पुतणीच्या लग्नाला कोल्हापूरला गेलो होतो. हळदीच्या दिवशी सकाळी भाचा म्हणाला, मामा चला, मिसळ खाऊन येऊ. गेलो. ठिकाणाचं नाव लिहीत नाही, कारण त्यांची काही चूक नाही. टोकन नंबर चौसष्ट. पाऊण तास रस्त्यावर उभे. आत बसायला मिळालं आणि पहिला घास तोंडात जातोय तोवर मागं पुढचं कुटुंब येऊन उभं राहिलं. एका बाईंची पर्स माझ्या खुर्चीच्या पाठीवर टेकलेली. बारा मिनिटांत हात धुऊन बाहेर.

आता खरं सांगतो, मिसळ उत्तम होती. मटकीला मोड बरोब्बर, कटाला कांदा-खोबऱ्याची चव, वर नुसतं लाल तेल तरंगत नव्हतं. आम्ही कॉलेजात असताना जिथं खायचो तिथल्यापेक्षा कितीतरी सरस. तरी परत येताना मी गाडीत गप्प. भाचा विचारतोय, मामा आवडली नाही का?

मी न्यू कॉलेजला होतो, १९८३ ते ८७. मिरजकर तिकटीच्या अलीकडं एक हॉटेल होतं. पाटीवरचं नाव उन्हानं गेलेलं, आम्ही 'मालकांचं' म्हणायचो. शहाबादी फरशीची टेबलं, चार बाकं, अंबाबाईचं कॅलेंडर, एक मोठा आरसा आणि 'आज रोख उद्या उधार'ची पाटी. पाटीखालीच उधारीची वही असायची, हे वेगळं. मिसळ दोन रुपये, चहा साठ पैसे. आम्ही सहाजण. दोन मिसळ, ब्रेड जादा, आणि "कट आणा" ही आरोळी किती वेळा ते मोजायचं नाही. पोऱ्या एका हातात कटाची बादली नि दुसऱ्या हातात ओगराळं घेऊन यायचा. उठताना तो तिथनंच गल्ल्याकडं ओरडायचा: "मागनं लाल शर्ट तीन ऐंशी, चष्मा साठ पैसेऽ!" चष्मा म्हणजे मी. चार वर्षं मी त्या हॉटेलात चष्मा होतो.

मिसळ कशी होती? सोमवारी बरी, गुरुवारपर्यंत पाणचट. पण दुपारी दोनला बसलो की चारपर्यंत कुणी "उठा" म्हणायचं नाही. नोकरीचे अर्ज तिथं लिहिले, मित्राच्या बहिणीचं स्थळ तिथं मोडलं, त्र्याऐंशीची वर्ल्ड कप फायनल तिथल्या ट्रान्झिस्टरवर ऐकली.

तर धागा यासाठी काढला. तुमचं ठिकाण कुठलं? आणि काय खायला मिळायचं ते सांगू नका, ती यादी सगळीकडं सापडते. किती वेळ बसू द्यायचे ते सांगा.

बावडेकर

शीर्षकातलं 'बसायची' वाचून पळत आलो. आत बघतोय तर मटकी. असो, चालवून घेऊ.

तिकटीचा

@बावडेकर 😂 त्यासाठी वेगळा धागा काढ, तिथं प्रतिसाद जास्त येतील.

गंगावेस

हॉटेल कशाला पाहिजे बसायला? आमचा दूधकट्टा. बाहेरच्यांसाठी सांगतो: गंगावेशीत संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन येतात, गिऱ्हाईकासमोर धार काढतात, आणि फेस बसायच्या आत पेला तोंडाला लावायचा. धारोष्ण. पेल्याला हात लावला की म्हशीच्या अंगाची ऊब कळती. पिशवीतल्या दुधावर वाढलेल्या माझ्या पोरानं पहिल्यांदा तो पेला धरला आणि "हे गरम का आहे?" असं विचारलं. काय सांगायचं त्याला.

आम्ही तालमीतली पोरं. शेजारच्या गंगावेस तालमीत संध्याकाळचा जोर झाला की अंगाची माती तशीच, सरळ कट्ट्यावर. मी काय पैलवान झालो नाही, मानेचा त्रास तेवढा राहिला. पण तालमीतला वस्ताद, शेजारचा वकील, भाजीवाली आणि आम्ही टोणगे एकाच कट्ट्यावर पाय सोडून बसायचो. तिथं 'उठा' म्हणणारा मालकच नव्हता. गवळी बसलेल्याला उठवत नाही, त्याला म्हैस उठल्याची काळजी.

मिरजकर तिकटीलाही कट्टा होता, पण आम्ही पेठ ओलांडून दूध प्यायला गेलो असतो तर घरी घेतलं नसतं.

पाटाकडील_जिंदाबाद

शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली की आमची बैठक खासबागेत, राजाभाऊंच्या भेळेजवळ. पाटाकडील जिंकलं तर भेळ आमच्याकडनं, हरलं तर खंडोबा तालमीच्या मित्रांकडनं. म्हणजे हिशेबानं बघितलं तर हरणं परवडायचं, पण असं बोलायची सोय नव्हती. खासबागेचं मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलं, कुस्तीसाठी. कुस्त्या नसल्या की रिकाम्या पायऱ्यांवर बसून आम्ही हंगामभराचे ऑफसाइड भांडत बसायचो. तास? अंधार पडून समोरच्याचं तोंड दिसेनासं होईपर्यंत.

सदाशिव_३०

पुणेकराचा प्रतिसाद, चप्पल फेकू नये. आमच्याकडे ही जागा इराण्यांनी भरून काढली. डेक्कनवर १९३५ चं गुडलक अजून आहे. समोरचं लकी गेलं, कॅम्पातलं नाझ गेलं. बन-मस्का आणि एक चहा, त्यावर मला वाटतं दीड तास हा अलिखित करार होता. दुसरीकडे अमृततुल्य. तिथे मात्र बाकडं मुद्दाम अरुंद असायचं. चहा घ्या, कप ठेवा, पुढे व्हा. तरी लोक बसायचेच.

आणि एक शंका. तुम्ही 'कट' म्हणता ते म्हणजे आमचं सँपलच ना?

बावडेकर

सँपल म्हणजे नमुना. पुण्यात मिसळीचा नमुनाच मिळतोय हे तुम्हीच कबूल केलंत, बरं झालं.

संत्रानगरी

तर्री म्हणा नं बाप्पा. पोह्यावर ओता, हरभऱ्याची. भांडण मिटते.

तिकटीचा

पोह्यावर?!

बावडेकर

जाऊ दे भावा, पाहुणा हाय.

कमला_८८

धागा वाचतेय सकाळपासून. छान लिहिताय सगळे. एक विचारू का? या सगळ्या बाकांवर, कट्ट्यांवर, पायऱ्यांवर आम्ही कुठं होतो?

मी कमला कॉलेजची, १९८८ ची बॅच. आम्ही कोल्हापूरच्या पोरी "मी आलो, मी गेलो, मी खाल्लो" असंच बोलायचो. पुण्याच्या आत्या हसायच्या, पोरगी आहे की पोरगा म्हणून. बोलण्यात पोरांसारख्या, पण हॉटेलात पाय ठेवायचा तर घरचं कुणीतरी बरोबर पाहिजे. वडील असले तर 'फॅमिली रूम'. फॅमिली रूम म्हणजे प्लायवूडची तीन फूट आडोसा-भिंत आणि वर मळका पडदा. आत पंखा नाही. पोऱ्या पडद्यातनं हात घालून ताटली ठेवायचा, जणू आम्ही आजारी आहोत.

मिसळ मी पहिली बारा-तेरा वर्षं डब्यातनं खाल्ली. रविवारी भाऊ पितळी डबा घेऊन जायचा, खालच्या पुडात मटकी, वरच्यात कट, फरसाण कागदात. घरी येईतो कट गार. आई परत चुलीवर ठेवायची. मला कितीतरी वर्षं वाटायचं मिसळ म्हणजे दुसऱ्यांदा गरम केलेलाच पदार्थ.

बसायची जागा म्हणाल तर अंबाबाईचं देऊळ. दर्शन पाच मिनिटं, मग ओवरीत अर्धा-पाऊण तास. देवळात बसलेल्या पोरीला कुणी काय बोलत नाही. तिथंच नोट्स, तिथंच गप्पा, तिथंच कुणाचं काय चाललंय ते. रंकाळ्यावर भेळ घ्यायची ती चालत चालत खायची. थांबलं की कुणीतरी ओळखीचे काका दिसायचेच. चालत खाल्लेल्या भेळेची चव मला आठवत नाही, शेवटचा चुरमुरा आणि कागद तेवढा आठवतो.

एकदाच, थर्ड इयरला, चौघी जणी सोळंकींकडं कॉकटेल आइस्क्रीम खायला गेलो, कुणाला न सांगता. वीस मिनिटं बसलो असू. मालकांनी उठवलं नाही. आम्हीच उठलो, घाबरून.

मंगळवारपेठकर

@कमला_८८ ताई, तुमचं वाचून अर्धा तास काही लिहिलं नाही. त्या हॉटेलात चार वर्षांत बाई बसलेली मी पाहिली का ते आठवतोय. एक आठवली. भांडी घासायला यायच्या त्या मावशी. त्या मागच्या दारात बसून चहा प्यायच्या, बशीतनं.

पुलापलीकडचा

आमच्याकडं शिंगणापूर फाट्यावर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, तिथं बायका बसायच्या की. पण ते उन्हाळ्यापुरतं.

भाऊसिंगजी_रोड

कमलाताईंनी विषय काढलाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगायला पाहिजे. कोल्हापुरात चहाच्या दुकानाचं बाकडं ही साधी वस्तू कधीच नव्हती.

गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. महार समाजाचे. वाड्यातल्या सवर्ण नोकरांच्या पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि पुढं गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल. १९२० च्या आगेमागे. गिऱ्हाईक कोण येणार? मग महाराज स्वतः गाडीतनं तिथं थांबायचे, गंगारामांच्या हातचा चहा मागवायचे, आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही घ्यायला लावायचे. महाराज पितात म्हटल्यावर नाही कोण म्हणणार. १९२२ मध्ये महाराज गेले.

माझे आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी गावाकडच्या हॉटेलात आमच्या लोकांची कपबशी वेगळी, बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेली. चहा प्यायचा, आपली आपण विसळायची, परत कोनाड्यात. बसायचं नाही. त्यामुळं सदाशिव_३० यांनी इराण्यांचं लिहिलं ते वाचून मला बरं वाटलं. मुंबईत माझे चुलते गिरणीत होते. ते म्हणायचे, इराण्याकडं एक बरं, पैसे टाकले की तो तुझं आडनाव विचारत नाही.

'किती वेळ बसू द्यायचे' याच्या आधी 'कुणाला बसू द्यायचे' असा प्रश्न आहे, एवढंच.

गंगावेस

@भाऊसिंगजी_रोड दादा, शाळेत हे दोन ओळीत शिकवलं होतं. त्या रस्त्यावरनं हजारदा गेलोय. परवा परत जातो.

डेट्रॉईटची_मटकी

मी जरा हलकं लिहिते. इथं जानेवारीत मटकीला मोड आणून दाखवा! पहिल्या वर्षी भिजवून, फडक्यात बांधून ओट्यावर ठेवली, तीन दिवसांनी आंबूस वास. मग एका सांगलीच्या काकूंनी युक्ती सांगितली: ओव्हन बंद ठेवायचा, फक्त आतला दिवा लावायचा आणि गाठोडं आत. रात्रीत मोड. चटणी मात्र गावाकडनं येते. सासूबाई एप्रिलमध्ये डंकावर कुटून आणतात, ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला, आणि पिशवीवर पिशवी बांधून पाठवतात. तरी सूटकेसमधल्या साड्यांना वर्षभर वास.

रविवारी सात-आठ घरं येतात. मिसळ करते, स्लाइस ब्रेडच देते, पाव नाही. आणि मूळ धाग्याचं उत्तर द्यायचं तर आमच्याकडं लोक अकराला येतात ते पाचला जातात. "उठा" म्हणायची माझी फार इच्छा असते. भांडी कोण घासणार?

तिकटीचा

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

गल्ल्यावरचा

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितो. मंगळवारपेठकर, तुमचं 'मालकांचं' ते आमचं नव्हे. आमचं शाहूपुरीत होतं, व्हीनस कॉर्नरच्या बाजूला. पण सगळी तशीच होती. मी त्या मालकाचा मुलगा. शाळा सुटली की गल्ल्यावर. तर दुसऱ्या बाजूनं चार गोष्टी सांगतो.

तुम्हाला दुपारी दोन ते चार उठवत नव्हते, कारण दुपारी दोन ते चार गिऱ्हाईकच नसायचं. सकाळी सात ते दहा मिसळीचा धंदा. त्या वेळात चष्मा असो नाहीतर लाल शर्ट, वडील फडकं घेऊन टेबल पुसायला जायचे. पुसलेलंच परत पुसायचे. समजणारा उठायचा. दुपारी मात्र तुम्ही बसलेले बरे. वडील म्हणायचे, रिकामं हॉटेल बघितलं की गिऱ्हाईक पुढं जातंय. तुम्ही सहाजण दोन मिसळीवर आमची पाटी होतात.

कट फुकट का? कटात मटकी नसते. कांदा-खोबरं रात्री भाजून वाटलेलं, चटणी, मीठ, तेल आणि पाणी. गर्दी वाढली की पाणी वाढतं, म्हणून गुरुवारी पाणचट. 😀 जितका कट जास्त, तितका ब्रेड जास्त, आणि ब्रेडचे पैसे लागायचे. पोट भरायचं ब्रेडवर, नाव व्हायचं कटाचं. कटाचं पातेलं पहाटे साडेतीनला चढायचं. माझी आई चाळीस वर्षं साडेतीनला उठली. तिची पावती कुठल्या धाग्यावर येत नाही. कमलाताई, ती पण मागच्याच दारात बसायची.

आता पोऱ्याचं. तुम्हाला ज्याची आरोळी आठवती ना, "लाल शर्ट तीन ऐंशी", तो आमच्याकडचा तेरा वर्षांचा होता. भुदरगडातल्या एका वाडीवरचा. रात्री त्याच शहाबादी टेबलावर झोपायचा, पावसाळ्यात पोतं पांघरून. तोंडी हिशेबात मी दहावीत असून त्याला हरवू शकलो नाही. सहा टेबलांचा हिशेब डोक्यात, एक पैसा इकडंतिकडं नाही. २००६ च्या ऑक्टोबरात चौदा वर्षांखालची मुलं हॉटेलात ठेवायला बंदी आली तेव्हा वडील चिडले होते, धंदा कसा करायचा म्हणून. मी काही बोललो नाही. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती आणि स्कॉलरशिपच्या क्लासला जात होती.

बंद का झालं? कुणी वाईट केलं नाही. मी बँकेत लागलो, चुलतभावांत वाटणी झाली, जागा गाळ्यांत गेली. साडेतीनला उठणारं कुणी राहिलं नाही. उधारीच्या सतरा वह्या माळ्यावर होत्या, त्या वडिलांनी टाकू दिल्या नाहीत. वसुली म्हणून नव्हे, तर जुनी नावं वाचत बसायचे दुपारचे. घर बदलताना मी त्या खालच्या खोलीत आणून ठेवल्या, तीच चूक झाली. २०१९ च्या महापुरात पाणी कमरेच्या वर. वह्यांची वीट झाली. पानं सुटीनात.

मंगळवारपेठकर

@गल्ल्यावरचा तुम्ही लिहिल्यापासून एकच गोष्ट आठवायचा प्रयत्न करतोय. आमच्या पोऱ्याचं नाव. तो आम्हाला चष्मा, लाल शर्ट, टोपी म्हणायचा, आम्ही त्याला बारक्या. आमच्यातल्या तिघांना फोन केले. एकाला मालकांच्या सायकलचा रंग आठवतो. नाव कुणालाच नाही.

गल्ल्यावरचा

आमच्याकडचा पण बारक्याच. पण खरं नाव मला माहीत आहे. त्याचं गारगोटीला स्वतःचं हॉटेल आहे आता. नाव इथं लिहीत नाही, त्याला विचारलेलं नाही. गेलो की बिल घेत नाही आणि तासाभरानं फडकं घेऊन टेबल पुसायला येतो. मुद्दाम. हसत.

बावडेकर

हे वाचून मस्करी सुचेना झालीय. शोभत नाही मला हे.

सदाशिव_३०

मी पुढच्या आठवड्यात कोल्हापुरात आहे, कामासाठी. कुणी भेटणार असेल तर सांगा. कट म्हणेन, सँपल म्हणणार नाही.

गंगावेस

मग शनिवारी संध्याकाळी गंगावेशीत या सगळे. साडेसहाला म्हशी येतात, सातला गर्दी. मिसळीला नको, तिथं टोकन. कट्ट्यावर टोकन नाही.

भाऊसिंगजी_रोड

येतो.

पाटाकडील_जिंदाबाद

शनिवारी मॅच आहे. नंतर येतो. जिंकलो तर लवकर, हरलो तर उशिरा.

गल्ल्यावरचा

गारगोटीवाल्याला फोन करून बघतो. शनिवार त्याच्या धंद्याचा दिवस, पण सांगून बघतो.

मंगळवारपेठकर

मी पुण्याहून सकाळची गाडी पकडतो. @कमला_८८ ताई, तुम्ही पण?

कमला_८८

ते पेले तिथं नुसते पाण्यात बुडवून काढतात ना? माझा पेला मी घेऊन येतो. जागा धरून ठेवा, आणि मला लवकर उठवायचं नाही.